घरच्या घरी आवाजाची डबी

वरातीपुढे किंवा गणपतीच्या मिरवणुकीत वाजणारा बेंजो आपण सर्वांनी ऐकला आहे. लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि टाइपरायटरसारखी बटणे. हे वाद्य मूळचे जपानचे. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ते तयार केले. तिकडे त्याला ताइशोगोतो म्हणतात. आपल्याकडे आल्यावर ते बुलबुलतरंग झाले, आणि कोकणात, मुंबईत, पुण्याच्या आसपास त्याला विजेची जोड मिळून त्याचा बेंजो झाला. २०१६ साली रवी जाधव यांनी ह्याच नावाचा हिंदी चित्रपटही काढला.

हा बेंजो वाजू लागला की एक गोष्ट कानाला कळते. त्याचा आवाज नुसता मोठा नसतो, तो जाड असतो, खरखरीत असतो. जणू तारेला घसा आहे आणि तो घसा थोडा बसला आहे. पुष्कळदा हा आवाज कर्ण्याला आणि अँप्लिफायरला झेपेल त्याहून जास्त भार दिल्यामुळे येतो. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांनी तोच आवाज मुद्दाम हवा तेव्हा काढता यावा म्हणून एका लहान डबीत भरून ठेवला आहे. तार आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये ती डबी जोडतात. जमिनीवर ठेवून पायाने चालू-बंद करतात, म्हणून तिला पेडल म्हणतात. आज मला आपल्याशी ह्या डबीविषयी बोलायचे आहे, आणि तेही ती विकत कशी घ्यावी हे नव्हे, तर घरी कशी करावी हे.

मी राहतो मुळशी तालुक्यात, माणला. भाताच्या खाचरांचे हे गाव. आता राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा आमच्याच शिवारात आहे. ज्यांना जमले त्यांनी खोल्या बांधल्या आणि त्या पार्कात काम करणाऱ्या मुलांना भाड्याने दिल्या. असाच एक भाडेकरू नोकरी बदलून बंगळूरला गेला, आणि जाताना आपली जुनी इलेक्ट्रिक गिटार घरमालकाच्या मुलाला देऊन गेला. मुलगा दहावीतला. त्याने ती गिटार एका लहान स्पीकरला जोडली. आवाज आला, पण कसा, तर टिणटिण, पाण्यासारखा पातळ. त्याला हवा होता तो गुरगुरणारा. दुकानात पेडलची किंमत विचारली तेव्हा वडील म्हणाले, “एवढ्यात आपल्या भाताच्या खताचा खर्च निघतो.” विषय तिथेच संपला.

मग तो माझ्याकडे आला. मी हायस्कुलात अठ्ठावीस वर्षे शास्त्र शिकवले आहे. त्याने विचारले, “सर, त्या डबीत असतं काय?” मी म्हणालो, “ट्रान्झिस्टर असतो, डायोड असतो.” तो म्हणाला, “ते पुस्तकात आहे. आपल्याला करता येईल का?”

इथे मी गप्प झालो. शिक्षक मित्रांनो, आपल्याशी खरे बोलायला हरकत नाही. अठ्ठावीस वर्षे मी फळ्यावर ट्रान्झिस्टरची आकृती काढली. बाण आतल्या बाजूला की बाहेरच्या, यावर मुलांचे गुण कापले. पण ज्याला आवाज येईल असा एकही ट्रान्झिस्टर माझ्या हातून कधी जोडला गेला नव्हता. डाख देण्याची सळई, जिला आपण सोल्डरिंग आयर्न म्हणतो, ती मी प्रयोगशाळेच्या कपाटात पाहिली होती. कपाटाला कुलूप होते आणि किल्ली माझ्याकडेच होती.

तर आम्ही दोघांनी मिळून ही डबी केली. कशी केली ते सांगतो. आकडे ऐकून ध्यानात राहणार नाहीत, पण पुस्तिकेत छापून येतील, तेव्हा आत्ता फक्त रीत समजून घ्या.

आधी, तारेतून वीज कशी निघते? गिटारच्या किंवा बेंजोच्या पोलादी तारांखाली एक लोहचुंबक असतो आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वर तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत वीज उत्पन्न होते. नववी-दहावीत विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकवतो ते हेच. ही वीज फार थोडी असते, एका व्होल्टचा दहावा हिस्सा, जोरात छेडले तर आणखी थोडी. तार जशी वरखाली होते तशीच ही वीज वरखाली होते. कागदावर काढली तर वळणावळणाची लाट दिसेल.

आता ह्या लाटेचे काय करायचे? प्रथम ती वीसएक पट उंच करायची, आणि मग तिचे शेंडे कापायचे. अंगणातल्या मेंदीच्या कुंपणाची वाढ माळी कात्रीने एका उंचीवर छाटतो, तसे. गोल शेंडा गेला आणि सपाट माथा राहिला की आवाज बदललाच. एवढीच ह्या डबीची विद्या आहे.

उंच करण्याचे काम ट्रान्झिस्टरचे आणि छाटण्याचे काम डायोडचे. डायोड म्हणजे काय ते शेतकरी बंधूंना समजावून सांगावे लागणार नाही. विहिरीतल्या पंपाच्या पाइपाला खाली फूटव्हॉल्व्ह असतो. तो पाणी वर येऊ देतो, खाली जाऊ देत नाही. डायोड हा विजेचा फूटव्हॉल्व्ह. पण एक बारीक गोष्ट आहे. फूटव्हॉल्व्हची झडप उघडायलाही थोडा दाब लागतो. सिलिकॉनच्या डायोडला तो लागतो सुमारे ०.६ व्होल्ट. त्याखाली तो बंद, त्यावर तो उघडा. म्हणून लाटेच्या वाटेत एक डायोड सुलटा आणि एक उलटा असे जमिनीकडे जोडून ठेवले, तर ०.६ व्होल्टच्या वर जो शेंडा जाईल तो सगळा खाली वाहून जातो. दोन्ही बाजूंचे शेंडे सपाट होतात.

हे असे करावे हे कोणाला कसे सुचले, ती गोष्ट मोठी मजेची आहे. कोणाला सुचले नाही, ते बिघडले. १९६१च्या सुमारास अमेरिकेत नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ ह्या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असता यंत्राच्या एका भागात दोष निर्माण झाला आणि ग्रेडी मार्टिन वाजवीत असलेल्या तारवाद्याचा आवाज फाटून आला. तो फाटलेला आवाज तसाच ठेवून गाणे बाहेर पडले आणि लोकांना तो आवडला. मग दुसरे वादक विचारीत आले, आम्हालाही तसाच आवाज पाहिजे. पण बिघडलेले यंत्र काही हुकमी बिघडत नाही. तेव्हा ग्लेन स्नॉडी ह्या ध्वनितंत्रज्ञाने तोच दोष ट्रान्झिस्टर वापरून नव्याने घडवला. १९६२ साली गिब्सन कंपनीने मेस्ट्रो फझ-टोन ह्या नावाने ती डबी बाजारात आणली. १९६५ साली रोलिंग स्टोन्स ह्या इंग्रज गायकमंडळींनी एका गाण्यात ती वापरली आणि मग ती जगभर झाली. त्याही आधी, १९५८ साली, लिंक रे नावाच्या वादकाने आपल्या स्पीकरच्या कागदी पडद्याला पेन्सिलीने भोके पाडली होती, अशाच आवाजासाठी. आपल्या घरात कोणी तसे केले तर काय होईल ते सांगायला नको.

आम्ही जी डबी केली ती ह्या सर्वांहून साधी. १९६०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीने एकाच ट्रान्झिस्टरची, नुसता आवाज वाढवणारी एक डबी विकायला काढली होती. नवशिके आजही बहुधा तिथूनच सुरुवात करतात. आम्ही तिच्याच धर्तीवर जोडणी केली आणि पुढे दोन डायोड लावले.

सामान असे. बीसी ५४७ नावाचा एक ट्रान्झिस्टर. १एन४१४८ जातीचे दोन डायोड, लाल काचेच्या मण्यासारखे दिसतात. रेझिस्टर चार: ४७० किलोओहम, ४७ किलोओहम, १० किलोओहम आणि ३९० ओहम. त्यांच्यावर रंगांचे पट्टे असतात. ४७०चे पट्टे पिवळा, जांभळा, पिवळा. ४७चे पिवळा, जांभळा, नारिंगी. १०चे तपकिरी, काळा, नारिंगी. आणि ३९०चे नारिंगी, पांढरा, तपकिरी. त्यानंतर एक सोनेरी पट्टा असतो, तो सर्वांना असतो. कंडेन्सर दोन, ०.१ मायक्रोफॅरडचे, त्यांच्यावर १०४ असा आकडा छापलेला असतो. आवाज कमीजास्त करायचा १०० किलोओहमचा पॉट, म्हणजे रेडिओला असतो तसला फिरवायचा खुंट. जॅक दोन, त्यांतला एक तीन टोकांचा स्टीरिओ घ्या, कारण नंतर सांगतो. आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी व तिची टोपी. पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सर्व मिळते. जॅक आणि पॉट सोडले तर बाकीचे सुटे भाग इतके स्वस्त आहेत की दुकानदार एकेक द्यायला कुरकुरतो. दहा-दहा घ्या, नवशिक्याच्या हातून दोन-तीन जळतातच.

आता जोडणी. कागदावर दोन आडव्या रेषा ओढा. वरची बॅटरीच्या अधिक टोकाची, खालची उणे टोकाची. मध्ये ट्रान्झिस्टर. त्याला तीन पाय: कलेक्टर, बेस, एमिटर. वरच्या रेषेपासून बेसपर्यंत ४७० किलोओहम आणि बेसपासून खालच्या रेषेपर्यंत ४७. वरच्या रेषेपासून कलेक्टरपर्यंत १०. एमिटरपासून खालच्या रेषेपर्यंत ३९० ओहम. गिटारकडून येणारी वायर एका कंडेन्सरमधून बेसला. कलेक्टरपासून दुसरा कंडेन्सर निघतो. त्याच्या दुसऱ्या टोकापासून खालच्या रेषेपर्यंत दोन डायोड, एक सुलटा, एक उलटा. त्याच टोकाला पॉटचा कडेचा एक पाय, कडेचा दुसरा पाय खालच्या रेषेला, आणि मधला पाय बाहेर जाणाऱ्या जॅकला. झाले. पायाने दाबायचे स्विच पहिल्या डबीला लावूच नका. त्याची जोडणी नवशिक्याला गोंधळात टाकते, आणि डबी वाजली नाही तर दोष स्विचचा की आतला हे कळत नाही.

आधी डाख देऊ नका. ब्रेडबोर्ड म्हणून भोकांची एक पांढरी पट्टी मिळते, तिच्यात पाय खोचून सगळी जोडणी करता येते. तिथे वाजली की मगच तांब्याच्या ठिपक्यांच्या बोर्डावर डाख द्या. आमच्या मुलाला घाई होती, त्याला एकदम पक्की डबी हवी होती. त्याच्या घाईला मी आवर घातला, हे एकच काम मी त्या दिवशी शहाणपणाचे केले.

कारण डबी वाजली नाही.

संध्याकाळची वेळ, बाहेर पाऊस, स्पीकरमधून नुसता हलका घोंघाट. तार छेडली तर लांब कुठेतरी डास गुणगुणल्यासारखे. मी वायरी हलवल्या, बॅटरी बदलली, रेझिस्टरचे रंग पुन्हा वाचले. माझे म्हणणे असे की ट्रान्झिस्टरच खराब निघाला. दुसरा लावला, तिसरा लावला. मुलगा काही बोलला नाही. त्याने मीटर घेतला आणि एकेक ठिकाणचा व्होल्टेज वहीत लिहायला लागला. बॅटरी ९. बेस ०.७ च्या आसपास. कलेक्टर जवळजवळ ९.

“सर, हा तर ९ वर बसलाय. म्हणजे ह्याच्यातून वीज वाहातच नाही.”

बरोबर होते. ट्रान्झिस्टर नीट काम करीत असेल तर त्यातून अर्ध्या मिलिअँपिअरच्या आतबाहेर प्रवाह वाहतो, १० किलोओहमवर चार-पाच व्होल्ट पडतात आणि कलेक्टरवर ४ ते ६ व्होल्ट उरतात. हे गणित मी परीक्षेला घातलेले आहे. मी परत म्हणालो, ट्रान्झिस्टर खराब. तेव्हा त्याने तो उपटला, सपाट बाजू स्वतःकडे केली, आणि विचारले, “सर, तुम्ही पाय कुठनं मोजलेत?”

मी एका जुन्या पुस्तकातली आकृती पाहून पाय मोजले होते. त्या आकृतीत ट्रान्झिस्टर खालून, पायांच्या बाजूने पाहिलेला होता. मी तो वरून पाहिलेला समजलो. आरशात डावे-उजवे होते तसे झाले, आणि कलेक्टरच्या जागी एमिटर गेला. बीसी ५४७ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली केले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. हे मी आता झोपेतही सांगेन. तीन चांगले ट्रान्झिस्टर मी खराब म्हणून बाजूला ठेवले होते. ते तिघेही पुढे चालले.

त्याने तो फिरवून लावला, आणि तार छेडली. आतल्या खोलीतून त्याची आजी बाहेर आली. तिला वाटले, भिंत पडली.

शिक्षक मित्रांनो, ह्या ठिकाणी मला मिरजेची आठवण झाली. मिरजेत तंबोरे आणि सतारी करणाऱ्यांची घराणी आहेत. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा अणकुचीदार नसतो, रुंद असतो. कारागीर तो कानसेने घासून घासून त्याला असा किंचित उतार देतो की थरथरणारी तार त्याला पुन्हा पुन्हा हलकेच टेकावी. मग तारेखाली दोऱ्याचा एक धागा सरकवून जागा शोधायची. जागा सापडली की तंबोरा बोलू लागतो. ह्याला जवारी काढणे म्हणतात. तार मोकळी थरथरली तर आवाज स्वच्छ, पण पातळ. तिच्या वाटेत नेमका अडथळा आला की त्याच एका तारेतून वरचे स्वर फुटू लागतात. जाणते गवई म्हणतात, तंबोऱ्यात षड्ज छेडला की गंधार आपोआप ऐकू येतो. त्याला ते स्वयंभू गंधार म्हणतात.

आता आपल्या डबीकडे पाहा. लाटेचे दोन्ही शेंडे सारखे छाटले की मूळ कंपनसंख्येच्या तिप्पट, पाचपट अशा विषम पटींचे स्वर त्यात मिसळतात, हे गणिताने सिद्ध करता येते. गिटारची पाचवी तार सेकंदाला ११० वेळा कंप पावते. डबीतून ती बाहेर पडताना तिच्यासोबत ३३० आणि ५५० कंपनेही असतात. ११०ला आपण षड्ज धरले तर ३३० म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम आणि ५५० म्हणजे त्याच्याही वरच्या सप्तकातला गंधार. तोच गंधार. मिरजेचा कारागीर कानसेने आणि धाग्याने जे बोलावतो, त्याच घरची मंडळी आपण दोन मण्यांनी बोलावतो. आवाज एक नव्हे, हे मान्य. तंबोरा ऐकून डोळे मिटतात, आणि ह्या डबीने आजी बाहेर येते. पण दोन्हीकडे स्वर येतो तो अडवल्यामुळे.

यावरून वाजवणाऱ्याला एक उपयोगाची गोष्ट कळते. डबी लावून चार-पाच तारा एकदम छेडल्या तर चिखल होतो, कारण प्रत्येक स्वराची मुले-नातवंडे एकमेकांत भांडू लागतात. पण नुसता षड्ज आणि पंचम एकत्र छेडला तर उलट भरदारपणा येतो. षड्ज-पंचमाचे प्रमाण दोनास तीन. लाट छाटली गेली की ह्या दोहोंच्या फरकाचाही स्वर निघतो, तीन वजा दोन एक, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज. जी तार छेडलीच नाही तिचा स्वर कानावर येतो. मुलांना हे ऐकवा आणि मग अपूर्णांक शिकवा.

एकदा डबी वाजली की तिच्यात फेरफार करण्याची खरी गंमत सुरू होते. एक डायोड काढून टाका. आता एकाच बाजूचे शेंडे छाटले जातात, आणि दुप्पट, चौपट असे सम पटींचे स्वरही येतात. आवाज जरा मऊ होतो. दोन्ही डायोडच्या जागी लाल दिवे, म्हणजे एलईडी, लावा. ते उघडायला दीड-पावणेदोन व्होल्ट लागतात, म्हणून छाटणी थोडी होते आणि आवाज मोठा, मोकळा राहतो. माळ्यावर मोडका जुना ट्रान्झिस्टर रेडिओ पडला असेल तर भंगारात घालण्यापूर्वी तो उघडून पाहा. त्यात बहुधा जर्मेनियमचा एखादा डायोड सापडेल. आकाशवाणीचा कार्यक्रम लहरींतून वेगळा काढण्याचे काम तोच करीत असे. तो ०.३ व्होल्टच्या आसपासच उघडू लागतो, आणि एकदम न उघडता हळूहळू उघडतो, म्हणून त्याची छाटणीही गोलसर होते. ज्या डायोडने आपल्या वडिलांना बाजारभाव ऐकवले तो आता नातवाची गिटार गुरगुरवू लागतो.

पेटीसाठी आम्ही चहापत्तीचा पत्र्याचा डबा घेतला. लाकूड किंवा प्लास्टिक नको. धातूचा डबा उणे टोकाला जोडला की बाहेरची घरघर आत येत नाही. डब्याला भोके पाडण्यापूर्वी आतली जोडणी काढून ठेवा, आणि बोर्डाच्या खाली जाड पुठ्ठा घाला, नाहीतर डाखाचे टोक पत्र्याला टेकते आणि सगळे मुके होते. आमचे तसे एकदा झाले. ह्यावेळी दोष मी शोधला, हे नमूद करून ठेवतो.

काळजीच्या दोन गोष्टी. डाखाची सळई तीनशे अंशांच्या वर तापते. मुले ती वापरीत असताना मोठ्याने जवळ बसावे, खिडकी उघडी ठेवावी, आणि डाखात बहुधा शिसे असते म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. दुसरी याहून महत्त्वाची. ही डबी ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालते, त्यात धोका नाही. पण डबी जमली म्हणून उद्या अँप्लिफायर उघडायला जाऊ नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये विजेचा साठा राहतो, आणि तो माणसाला सोडत नाही. बॅटरीवर चालते ते उघडा, भिंतीतून चालते ते जाणकाराशिवाय उघडू नका. आणि बेंजो पार्टीच्या तरुणांना आणखी एक सांगणे. जाड आवाज आणि मोठा आवाज ह्या दोन गोष्टी आहेत. ह्या डबीने लहान स्पीकरवरही भरलेला आवाज मिळतो. रात्री दहानंतर उघड्यावर कर्णा लावायला सन २००० पासूनचा नियम आड येतो, डबीला घरात कोणताच नियम आड येत नाही. आजीचा येतो, तेवढा पाळा.

आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून हा माणूस दुष्काळी गावात गेला. शाळेत न रमणाऱ्या मुलांच्या हाती त्याने वेल्डिंग, सुतारकाम, शेती दिली आणि त्यातून शास्त्र शिकवले. २००२ साली अमेरिकेच्या एमआयटी ह्या संस्थेने तिथे फॅब लॅब काढायला साहाय्य केले. ज्यांना शक्य आहे त्या शिक्षकांनी ते एकदा पाहून यावे. मी निवृत्त झाल्यावर पाहिले. मला वाटले, कुलपाची किल्ली माझ्याकडेच होती.

आमच्या माणमध्ये परिस्थिती अशी आहे की काचेच्या इमारती घरातून दिसतात. त्यांत जगभरच्या कंपन्यांचे काम चालते. गावातली काही मुले तिथे अभियंते म्हणून गेली, पुष्कळ जण गाडी चालवायला, दारावर उभे राहायला गेले. त्यात कमीपणा काही नाही, घरे त्यावर चालतात. पण ज्या यंत्रांच्या दारावर आपण उभे आहोत ती आतून कशी असतात हे पाहण्याची इच्छा दहावीतल्या मुलाला होते, आणि त्याला उत्तर द्यायला शास्त्राचा शिक्षक कचरतो, हे मला अजून बोचते. त्या मुलाने त्यानंतर आणखी तीन डब्या केल्या. एक बेंजो वाजवणाऱ्या त्याच्या मामासाठी, त्यांनी पैसे दिले. खताला पुरतील एवढे नव्हेत, पण दिले. त्या डबीच्या झाकणावर त्याने आतून कागद चिकटवला आहे. त्यावर ट्रान्झिस्टर काढला आहे, सपाट बाजू समोर, पायांना नावे. पुढे कोणी दुरुस्तीला उघडली तर त्याची फसगत होऊ नये म्हणून.

आता स्टीरिओ जॅक कशाला ते सांगायचे राहिले. गिटारची वायर ज्यात घालायची तो जॅक तीन टोकांचा घ्या आणि बॅटरीचे उणे टोक त्याच्या मधल्या कडीला जोडा. बाहेरची कडी खालच्या रेषेला. गिटारची वायर दोन टोकांची असते, ती आत घातली की तिचे धातूचे अंग ह्या दोन कड्यांना जोडते आणि बॅटरी चालू होते. वायर काढली की बंद. वेगळे बटण लागत नाही. मात्र वायर काढायला विसरू नका. ही डबी वीज इतकी थोडी खाते की एका बॅटरीवर शेकडो तास चालेल. पण आमच्या डबीतली वायर मे महिन्याच्या सुटीत तशीच राहिली, आणि जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा बॅटरी संपलेली होती.